जुन्या डेस्कटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाकायची आहे. साटा घ्यावी की एनव्हीएमई?

दोन्ही एसएसडीच, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्क; साटा ही जुनी, संथ जोडणी, एनव्हीएमई ही नवी, वेगवान. मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर) एनव्हीएमई चालणारा एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) असेल तर एनव्हीएमई घ्या. नसेल तर २.५ इंची साटा घ्या, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो, तिसऱ्या पिढीची (जेन ३) एनव्हीएमई ३,५०० एमबीपर्यंत जाते. आकडे बघून भुलायला होतं खरं. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून-तिकडून वाचल्या जातात, आणि प्रत्येक वेळी हार्ड डिस्कचं वाचणारं हेड जागेवर जायला काही मिलिसेकंद खातं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. त्यामुळे खरा फरक हार्ड डिस्क सोडतानाच जाणवतो. साटा ते एनव्हीएमई ही पुढची उडी मुख्यतः मोठ्या व्हिडिओ फाइली हलवणाऱ्यांना कळते.

फक्त एक बघा: एम.२ हा निव्वळ आकार आहे. काही स्लॉट साटाच चालवतात, काही बोर्डांवर तो भरला की एखादं साटा पोर्ट बंद होतं, आणि बऱ्याच जुन्या बोर्डांचा बायोस (संगणक चालू करताच आधी चालणारं सॉफ्टवेअर) एनव्हीएमईवरून बूटच करत नाही, म्हणजे तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, खरेदीआधी उघडा. जुनी डिस्क धड असेल तर फोटो-बिटोंसाठी आतच राहू द्या.