वाचक विचारतात : फिन्शगाउ खोऱ्यातून सायकलने

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमांना लागून फिन्शगाउ हे आल्प्समधले खोरे आहे. स्टेल्व्हिओ खिंडीच्या नावाने ते सायकलस्वारांना माहीत असते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच याच भागाबद्दल होती. तिथे प्रत्येक गावाला जर्मन आणि इटालियन अशी दोन नावे आहेत. खाली जर्मन नावे वापरली आहेत. नकाशात शोधताना प्राड म्हणजे प्रातो, ग्लुर्न्स म्हणजे ग्लोरेन्झा, माल्स म्हणजे माल्लेस, रेशेन म्हणजे रेझिया हे लक्षात ठेवा.

प्रश्न : आमच्या चौघांच्या गटाकडे तीन दिवस आहेत. स्टेल्व्हिओ पहिल्याच दिवशी करून मोकळे व्हावे की शेवटी ठेवावे? आणि ज्या रस्त्याने चढलो त्यानेच उतरायचे का? (पुणे)

उत्तर : पहिल्या दिवशी मुळीच नको. विमानप्रवास, अपुरी झोप आणि नुकतीच जोडलेली सायकल घेऊन २७५८ मीटरवर जाण्यात काहीच मिळत नाही. पहिला दिवस खोऱ्यात घालवा, खिंड दुसऱ्या दिवशी करा आणि तिसरा दिवस राखीव ठेवा. दुसऱ्या दिवशी पाऊस किंवा बर्फ आला तर तोच उपयोगी पडतो. खिंड साधारण मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते, पण बर्फ ऑगस्टमध्येही पडू शकतो. मध्य जून ते मध्य सप्टेंबर हा भरवशाचा काळ.

त्याच रस्त्याने परत उतरू नका, असाच आमचा आग्रह आहे. खिंडीच्या पायथ्याच्या प्राडहून स्टेल्व्हिओ चढा. माथ्यावरून पलीकडच्या बोर्मिओ गावाच्या दिशेने सुमारे तीन किलोमीटर उतरलात की २५०१ मीटरवर उम्ब्राइल खिंडीचा फाटा लागतो. तिथे उजवीकडे वळून स्वित्झर्लंडमधल्या सांता मारियाला उतरा, मग म्युश्टाइर, टाउफर्स, ग्लुर्न्स करत परत प्राड. हा फेरा ६० ते ६५ किलोमीटरचा होतो. उलट दिशेनेही करता येतो, पण मग स्टेल्व्हिओची ४८ वळणे समोरून येणाऱ्या मोटारसायकली आणि बसगाड्या चुकवत उतरावी लागतात. वळणे इतकी आवळ आहेत की बस पूर्ण रस्ता व्यापते.

चढताना वळणांवर क्रमांक दिसतात. खाली ४८ पासून सुरू होऊन ते वर एकपर्यंत उतरत जातात. गोमागॉयपर्यंत रस्ता ओढ्याकाठाने जातो, आणि तिथे रस्त्यालगतच १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला ऑस्ट्रियन किल्ला आहे. खिंड अडवण्यासाठीच तो बांधला होता. पुढे त्राफॉय (१५४३ मीटर). बाटल्या इथे भरून घ्या. पाण्याच्या हौदावर ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचे पाणी नाही) अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. फ्रान्त्सेन्सहोहे (२१८८ मीटर) इथे झाडी मागे पडते आणि उरलेला सगळा रस्ता समोरच्या कड्यावर एकदम दिसतो. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने हा रस्ता ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी १८२० ते १८२५ या काळात बांधला. तोफा आणि घोडागाड्या वर जायच्या होत्या, म्हणून त्याने चढ फार तीव्र होऊ दिला नाही आणि वळणांची संख्या वाढवली. आज सायकलस्वाराला जो एकसारखा, तालात चढता येणारा रस्ता मिळतो, तो त्याच हिशेबामुळे. पहिल्या महायुद्धात आघाडीची रेषा याच माथ्यावरून आणि शेजारच्या ऑर्टलर शिखराच्या (३९०५ मीटर) परिसरातून गेली होती.

सकाळी सातच्या आत निघा. दहानंतर वाहने वाढतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस येतो. शनिवार-रविवार टाळा.

प्रश्न : पसरणी घाट मी न थांबता चढतो. पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ दातांचा गिअर आहे. बदलायची गरज आहे का? (सातारा)

उत्तर : हो, बदला. वाई ते पाचगणी उंचीतला फरक पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. प्राडहून स्टेल्व्हिओ सुमारे १८०० मीटर, म्हणजे एका दमात तीन पसरणी, आणि तिसरी विरळ हवेत. लांबी २४ किलोमीटरहून थोडी जास्त, सरासरी चढ ७.४ टक्के. शेवटचे साडेसहा किलोमीटर त्याहून कडक आहेत.

हिशेब असा. सायकल धरून ८० किलो वजन ताशी ८.८ किलोमीटर वेगाने या चढावर न्यायला साधारण १५५ वॅट लागतात. त्या वेगाला ३४-२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) पेडल मिनिटाला ५८ फेरे फिरते, तर ३४-३४ वर ७०. अडीच-पावणेतीन तास ५८ फेऱ्यांनी दाबत राहिलात तर दम टिकेल, पण गुडघे आणि मांड्या आधी बोलू लागतील. मागे ११-३४ कॅसेट (दाती चक्रांचा संच) लावा. मात्र मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ३४ दाती चक्र घेतो का ते त्याच्या मॉडेलवरून पाहा. आखूड पिंजऱ्याचे बरेच जुने डिरेलर घेत नाहीत. कॅसेटबरोबर साखळीही बदला. जुनी साखळी मोठ्या चक्राला बहुधा अपुरी पडते, आणि पुढचे आणि मागचे दोन्ही मोठी चक्रे जोडल्यावर ती ताणली गेली तर डिरेलरच मोडतो.

सायकल विमानाने नेणार असाल तर डिरेलर काढून फ्रेमच्या आत गुंडाळून बांधा आणि एक सुटा हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) सोबत ठेवा. खोक्यावर दाब आला की हँगर आतल्या बाजूला वाकतो. सपाटीवर ते कळत नाही. पहिल्या कडक वळणावर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर थेट आऱ्यांत जातो आणि तिथेच सहल संपते. म्हणून पहिल्या दिवशी खोऱ्यात सगळे गिअर तपासून घ्या.

प्रश्न : चढाची भीती नाही, उताराची आहे. ब्रेक तापून निकामी होतात म्हणतात ते खरे का? (नाशिक)

उत्तर : खरे आहे, पण बहुतेक वेळा कारण ब्रेक धरण्याची पद्धत असते. उम्ब्राइलचा उतार अकराशे मीटरहून अधिक आहे. घाबरून संपूर्ण उतार ब्रेक हलके दाबून धरला तर डिस्क ब्रेकच्या चकतीला (डिस्कला) थंड व्हायला वेळच मिळत नाही. उष्णता तेलापर्यंत पोचते, तेल उकळून त्यात वाफ धरते आणि लिव्हर हँडलला टेकते. चाकाच्या कड्यावर (रिमवर) दाबणाऱ्या रिम ब्रेकमध्ये तीच उष्णता रिममध्ये जाते. कार्बनची रिम मऊ पडू शकते, ट्यूब फुटू शकते. म्हणून सरळ भागात सायकल सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबा, वेग पुरता उतरवा आणि वळणात ब्रेक सोडून जा. नजर वळणाच्या शेवटाकडे असू द्या. लिव्हर मऊ लागू लागला तर थांबा आणि दहा मिनिटे थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

ब्रेक पॅड एक मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर निघण्यापूर्वी बदला. टायर २८ मिलिमीटरचे असतील तर ७० किलोच्या माणसाला ६५ ते ७० पीएसआय हवेचा दाब पुरे. माथ्यावर खोऱ्यापेक्षा ११-१२ अंशांनी थंड असते आणि तुम्ही घामाने भिजलेले असता. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वारारोधक जाकीट खिशात हवेच. बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही, अपघाताचे हेही एक कारण आहे.

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. आई-बाबा भारतातून येणार आहेत, मुलगा दहा वर्षांचा आहे. खिंड नको. खोऱ्यातच सायकल चालवून जुन्या वास्तू पाहता येतील का?

उत्तर : तुमच्यासाठी हे खोरे फार चांगले आहे. रेशेन सरोवरापासून (सुमारे १५०० मीटर) मेरानपर्यंत (३२५ मीटर) ८० किलोमीटरहून थोडा लांब सायकलमार्ग आहे, बहुतेक डांबरी आणि एकूण उतरता. इसवी सन ४६-४७ मध्ये सम्राट क्लॉडियसने पूर्ण केलेला व्हिया क्लॉडिया ऑगस्टा हा रोमन रस्ता याच खोऱ्यातून जात होता. त्याचा एक मैलाचा दगड राब्लांडला सापडला.

दोन दिवसांत वाटून घ्या. सरोवराच्या पाण्यातून वर आलेला घंटामनोरा चौदाव्या शतकातला आहे. १९५० मध्ये धरणासाठी ग्राउन गाव बुडवले, तेव्हा तेवढाच राहिला. तिथून बुर्गाइसपर्यंत काही उतार चांगलेच कडक आहेत. मुलाला पुढे सोडू नका आणि आई-बाबांना हा टप्पा बसने करू द्या, ते माल्सला भेटतील. बुर्गाइसच्या वर १३४० मीटरवर मारियनबर्ग हा बेनेडिक्टाइन मठ आहे. माल्समध्ये संत बेनेडिक्टचे छोटे चर्च चुकवू नका, आतली भित्तिचित्रे सुमारे १२०० वर्षे जुनी आहेत.

मग ग्लुर्न्स. हजाराच्या आत वस्तीचे हे शहर आजही अखंड तटबंदीत आहे, आत जायला तीन वेशी. जवळच काल्वेनला १४९९ मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचे सैन्य आजच्या स्वित्झर्लंडमधल्या ग्राउब्युंडेनच्या तीन संघांकडून हरले, त्यानंतर हे शहर जाळले गेले. आजचा तट त्यानंतर सोळाव्या शतकात उभा राहिला. कमानींखाली सायकल हाताने न्या, फरसबंदी ओबडधोबड आहे. श्लुडर्न्सचा कुरबुर्ग किल्ला चिलखतांसाठी पाहावा. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात आणि सोमवारी बहुधा बंद असतो. मुक्काम इथेच करा.

दुसरा दिवस सफरचंदांच्या बागांतून जातो. तुषारसिंचनाचे पाणी मार्गावर येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीत ट्रॅक्टरची माती सांडलेली असते, वळणावर घसरायला एवढे पुरते. नाटुर्न्सला संत प्रोक्युलसचे चर्च आहे. ट्योलनंतर आल्गुंडकडे वळणावळणाचा उतार आहे, तिथे पायी चालणारेही असतात, म्हणून सावकाश. दमलात तर माल्स-मेरान रेल्वे आहे, पण मार्गावर कामे निघाली की गाडीऐवजी बस सोडतात, आणि बसमध्ये सायकलला जागा मिळेलच असे नाही. आदल्या संध्याकाळी वेळापत्रक पाहा.

प्रश्न : फेऱ्यात स्वित्झर्लंड येते. वेगळा व्हिसा, वेगळे पैसे लागतात का? आम्ही शाकाहारी आहोत, सोबत काय न्यावे? (डोंबिवली)

उत्तर : शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पासपोर्ट जवळ ठेवा. युरोपीय संघाचे सिमकार्ड स्वित्झर्लंडमध्ये मोफत चालेलच असे नाही. माथ्यावर पोचण्यापूर्वी डेटा बंद करा आणि नकाशा आधी उतरवून घ्या. म्युश्टाइरला थोडे फ्रँक किंवा कार्ड लागेल. तिथला संत योहान मठ १९८३ पासून जागतिक वारसा आहे. अर्धा तास तरी द्या.

जेवणात ‘क्नोडल’ (पावाचे उकडलेले गोळे) मिळतात. पालकाचे किंवा चीजचे मागा आणि ‘ओने श्पेक’ (श्पेकशिवाय) असे सांगा. श्पेक म्हणजे डुकराचे मांस, ते बऱ्याच पदार्थांत असते. चढताना तासाला ६० ग्रॅम कर्बोदके हवीत. ८० ग्रॅम खजुरात ती मिळतात, आणि खजूर भारतातून नेता येतो. पेढे, बर्फी किंवा दुधाचे इतर पदार्थ नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे, सीमाशुल्क खाते ते काढून घेते.