देशी खुळखुळ्याचं (पिवळ्या फुलांचं, तागाच्या जवळचं रानझाड) बी रुजत नाही, काय करू?

बी खराब नाही, साल टणक आहे. एका बाजूने सँडपेपरवर हलकंसं घासा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा; फुगलेलं बी जूनमध्ये थेट जागेवरच पेरा. सोटमूळ असल्याने मोठं रोप हलवलेलं सोसत नाही. भरपूर ऊन हवं, पाणी साचू देऊ नका, युरिया तर नकोच. मुळांवरच्या गाठी नत्राचं बघतात. काही जातींची झाडं एकाहून जास्त वर्षं टिकतात.

पिवळ्या फुलावर काळा भुंगा बसला की त्याच्या वजनाने खालची पाकळी दबते आणि टोकातून पराग थेट त्याच्या पोटाला लागतो. जवळून बघाच! टायगर फुलपाखरांचे नर सुकल्या भागांतलं रसायन शोषायलाही येतात. म्हणून कृपया फवारणी टाळा. झाड विषारी आहे, गुरं-शेळ्यांपासून लांब लावा.