लंडनला थेम्सकाठच्या पबमध्ये फार न पिता तीन-चार बिअर कशा चाखता येतील?
एक तृतीयांश पाइंटचे ग्लास मागा. तीन घेतले तरी मिळून 568 मिलीच होतात. ब्रिटनमध्ये ड्राफ्ट बिअरचं हे कायदेशीर माप आहे, त्यामुळे संकोच नको. टेबलावर वाट बघत बसू नका, ऑर्डर आणि पैसे बहुधा काउंटरवरच. लांब दांड्याचा हातपंप ओढून भरतात ती कास्क एल (पिंपातच मुरलेली पारंपरिक बिअर) साधारण 11 ते 13 अंशांवर देतात. चिल्ड लागरची सवय असेल तर पहिला घोट चक्क कोमट लागेल, पण माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, चव त्याच तापमानाला कळते. सुरुवात बिटर नावाच्या हलक्या एलने करा, पोर्टर ही भाजक्या माल्टची गडद बिअर शेवटी. नाहीतर त्या भाजक्या चवीपुढे बाकीच्या पाणचट वाटतात. मात्र हे छोटे ग्लास सगळीकडे नसतात. नसतील तिथे हाफ, म्हणजे अर्धा पाइंट घ्या.