तपकिरीची पहिली कुपी घेताना

तळाची खूण बघून लगेच पैसे काढू नका. चिनी निळ्या-पांढऱ्या कुप्यांवर योंगझेंग बादशहाची (1723–1735) खूण सर्रास दिसते, पण त्यांतल्या बहुतेक 19व्या शतकातल्या असतात. जुन्या राजवटीचं नाव घालायची तिथे रीतच होती, त्यामुळे अशी खूण म्हणजे लबाडीच असं नाही. किंमत मात्र 19व्या शतकाचीच द्या.

कुपी हातात घ्या. तळाची कड बहुधा बिनझिलईची असते. तिथली झीज भिंगातून पाहा. वापराने आलेली झीज कमी-जास्त असते, मुद्दाम घासलेली सगळीकडे सारखी. निळा रंग कोबाल्टचा, झिलईखालचा, म्हणून चित्र बोटाला लागता कामा नये. मग तोंडाच्या कडेवर नख फिरवा, टवका बुजवला असेल तर तिथेच कळतं.

बूच बहुतेक वेळा नंतर बसवलेलं असतं, त्यावरून वय ठरवू नका. आतला चिमुकला चमचा हस्तिदंती असेल तर भारतात त्याच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे, हे ध्यानात ठेवा.

आणि पहिलं वर्षभर घेण्यापेक्षा हाताळा जास्त. माझी सर्वांत लाडकी कुपी, मासेमाराच्या चित्राची, मी तीनदा परत ठेवून मगच घेतली.