नव्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिले प्रवाळ कोणते घ्यावे आणि ते कसे सोडावे?

फोंड्याच्या घरी दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू करून सहा आठवडे झाले, अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले, दोन क्लाउनफिश व्यवस्थित खात आहेत, तर आता पहिले प्रवाळ कोणते घ्यावे आणि ते टाकीत कसे सोडावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी म्हापशाला गेली नऊ वर्षे प्रवाळांची टाकी सांभाळतो आहे. माझे स्पष्ट मत असे की, तुम्ही आणखी निदान एक महिना थांबावे.

अमोनिया शून्य झाला म्हणजे तो पचवणारे जिवाणू स्थिरावले, एवढेच कळते; क्षारता म्हणजे पाण्याचा खारटपणा, तापमान आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता, दिवसेंदिवस सारखी राहते की नाही, हे त्यावरून कळत नाही, आणि प्रवाळाला नेमकी त्याचीच गरज असते. याच काळात काचेवर व वाळूवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर चढतो. तो आपोआप ओसरू द्यावा. खारटपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस आणि अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (ती मोजण्याचे एकक), हे आकडे तीन-चार आठवडे वहीत लिहून ठेवा. ते फारसे हलले नाहीत, तरच खरेदीला निघा. नायट्रेट मात्र अगदी शून्यावर आणण्याच्या मागे लागू नका, कारण मऊ प्रवाळ थोड्या पोषक द्रव्यांच्या पाण्यातच खुलतात.

आपल्याकडे खरी परीक्षा तापमानाची असते. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतल्या टाकीचे पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते, आणि उष्णता टिकून राहिली की प्रवाळ आपल्या शरीरातले सहजीवी शैवाल बाहेर टाकून पांढरे पडते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी थंड होते, परंतु गोव्याच्या दमट हवेत त्याचा उपयोग कोरड्या प्रदेशापेक्षा कमी होतो, म्हणून जमल्यास चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यावा. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहते. त्यामुळे पातळी भरून काढताना आरओचे गोडे पाणी घालावे, खारे नव्हे. चतुर्थीला चार-पाच दिवस मूळ घरी जाणाऱ्यांनी ही भर आपोआप पडेल अशी सोय आधीच करून ठेवावी. मिरामारहून समुद्राचे पाणी आणण्याचा मोह पावसाळ्यात तरी कटाक्षाने टाळा, कारण त्या दिवसांत मांडवी आणि जुवारी यांच्या पुराने किनाऱ्याची क्षारता उतरते आणि पाण्यात गाळही येतो.

पहिले प्रवाळ म्हणून मी मशरूम, म्हणजे डिस्कोसोमा, सुचवीन. त्याला कमी प्रकाश व मंद प्रवाह चालतो आणि नवशिक्याच्या लहानसहान चुका ते सोसते. त्यानंतर टोडस्टूल लेदर हे छत्रीच्या आकाराचे मऊ प्रवाळ घ्यावे. झोअँथिड, म्हणजे लहान फुलांच्या झुबक्यासारखे दिसणारे जीव, अतिशय सुंदर व चिवट असतात, पण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नका आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका. ग्रीन स्टार पॉलिप हे चटईसारखे पसरणारे मऊ प्रवाळ मी पहिल्या टाकीत मुख्य दगडावर चिकटवले होते. दीड वर्षात त्याच्या जांभळ्या चटईने सगळा दगड व्यापला आणि खालचे मशरूम गुदमरले, म्हणून ते वाळूवर, वेगळ्या दगडावरच ठेवावे.

टणक प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळे प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडच्या परिसरातही जिवंत प्रवाळ आहेत, आणि तिथला लहानसा तुकडा उचलणे हासुद्धा गुन्हाच आहे. विक्रेत्याला तुकडा टाकीत वाढवलेला आहे का, हे विचारा. उत्तर देताना तो घुटमळला तर घेऊ नका.

तुकडा घरी आणल्यावर टाकीचे दिवे बंद करून पिशवी वीस-तीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग अर्ध्या तासात थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात मिसळावे. नंतर कोरल डिपमध्ये, म्हणजे कीड काढण्याच्या औषधी द्रावणात, बाटलीवर सांगितलेल्या वेळेपुरताच, तो हलकेच हलवावा. भांड्याच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढे चपटे कृमी पडलेले दिसले, की हा खटाटोप कशासाठी ते पटते. पिशवीतले किंवा डिपचे पाणी टाकीत जाता कामा नये. तुकडा प्रथम तळाशी, थेट झोत लागणार नाही असा ठेवावा, आणि दिव्यांची तीव्रता एक-तृतीयांश उतरवून दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत करावी.

लेदर आणल्यावर काही दिवसांनी ते मिटेल, आणि त्याच्यावर मेणासारखी चकचकीत त्वचा येईल. बहुतेक लोक याच वेळी घाबरून त्याची जागा बदलतात किंवा औषधे घालतात. तसे करू नका. ते कात टाकत असते. प्रवाह जरा वाढवला की आठवड्याभरात ती त्वचा पदरासारखी सुटून वाहून जाते आणि खालून नवे पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे फुलासारखे लहान जीव, उमलतात. तेवढ्या काळात मऊ पडून वास येऊ लागला, तरच बाहेर काढा. ते पूर्ण उमलून पंधरा दिवस तसेच राहिले, की पुढचे प्रवाळ आणायला हरकत नाही.