सिगिलिफ या पोकेमॉनला टीममध्ये जागा द्यावी का?

जरूर द्या. "ना उत्क्रांती होते, ना फार ताकदवान आहे, मग घ्यायचा कशाला?" हा प्रश्न मला पटत नाही. २०१०च्या ब्लॅक-व्हाइट या पोकेमॉन गेम्समध्ये आलेला हा सायकिक आणि फ्लाइंग अशा दोन प्रकारांचा पोकेमॉन. प्राचीन शहराचा राखणदार, रोज त्याच ठरलेल्या वाटेने उडणारा. त्याच्या अंगावरच्या आकृत्या पाहिल्या की मला पेरूतल्या नाझ्का रेषा, म्हणजे जमिनीवर कोरलेली प्राचीन अवाढव्य चित्रं, आठवतात.

खरी जादू आहे मॅजिक गार्ड या क्षमतेत. थेट हल्ल्याशिवाय कशानेच त्याची एचपी (जीवशक्ती) घटत नाही: विष नाही, भाजणं नाही, वाळूचं वादळ नाही, मैदानात उतरताच टोचणारे स्टेल्थ रॉकचे दगडही नाहीत. (सापडतो वाळवंटात, त्यामुळे हे अगदी शोभतं.)

त्याला फ्लेम ऑर्ब (धरणाऱ्यालाच भाजणारी वस्तू) धरायला द्या. तो स्वतः भाजतो, पण नुकसान शून्य. मग सायको शिफ्ट या चालीने ते भाजणं समोरच्यावर ढकला, त्याची शारीरिक हल्ल्याची ताकद निम्मी होते. टर्न संपताच ऑर्ब सिगिलिफला पुन्हा भाजतो, म्हणजे झोप किंवा विष वरून लागूच शकत नाही. पुढे कॉस्मिक पॉवरने बचाव वाढवा, रूस्टने गेलेली एचपी भरून काढा आणि स्टोअर्ड पॉवर या सायकिक चालीने मारा. प्रत्येक वाढीमागे तिची ताकद २०ने चढते.

डार्क प्रकारचा पोकेमॉन समोर आला तर मात्र सिगिलिफच्या जागी लगेच दुसरा उतरवा, स्टोअर्ड पॉवर त्याला लागतच नाही.