फ्री रॅडिकल्स घातक असतील, तर शरीर ती स्वतःच का बनवते?

फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू, घातक असूनही शरीर ती का बनवते आणि प्रतिकारशक्तीसाठी अँटिऑक्सिडंट (त्यांना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांच्या) गोळ्या रोज घ्याव्यात का, असे आपण विचारले आहे. मी मडगाव येथे रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते.

जंतू गिळताच न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी झपाट्याने ऑक्सिजन वापरू लागते. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्या ऑक्सिजनचे सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल करते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि मायलोपेरॉक्सिडेज हे दुसरे विकर त्यातून हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे ब्लीचमधले जंतुनाशक द्रव्य, तयार करते. पुवाची हिरवट छटा याच दुसऱ्या विकराची असते.

पहिले विकर जन्मतः निकामी असले, तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो. दोष बहुतेकदा एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुलग्यांत अधिक आढळतो. हे विकर काम करते का, हे पाहणाऱ्या एनबीटी चाचणीत निरोगी पेशींमध्ये पिवळ्या रंगद्रव्याचे गडद निळे कण होतात. अशा रुग्णाच्या पेशी जंतू गिळतात खऱ्या, पण त्यांत निळा ठिपकाही उमटत नाही, आणि वाहक (एका एक्स गुणसूत्रावर हा दोष असलेल्या) आईच्या काचपट्टीवर दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी दिसतात. या मुलांना स्टॅफिलोकोकस आणि अ‍ॅस्परजिलस बुरशी पुन्हा पुन्हा गाठतात, म्हणून बुरशीचा धोका असलेला कुळागरातला (सुपारी-नारळाच्या बागेतला) कुजलेला पाला उपसण्याच्या कामापासून त्यांना कटाक्षाने दूर ठेवावे. आश्चर्य असे की, ही द्रव्ये नसतानाही त्यांच्या आतड्यांत दाह माजतो. म्हणजे दाह आवरण्यातही या द्रव्यांचा वाटा असतो.

तीच द्रव्ये अवाजवी प्रमाणात किंवा भलत्या ठिकाणी तयार झाली, तर स्वतःच्याच पेशी पोळतात, जसे संधिवातात किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तपुरवठा पूर्ववत होताना घडते. तरीही त्यावर सरसकट गोळ्या घेणे मला पटत नाही. फिनलंडमधील 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील, 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला तर नाहीच, उलट सुमारे 18 टक्क्यांनी अधिक आढळला. आवळा, कोकम, फळे, भाज्या आहारात अवश्य ठेवा. गोळ्या मात्र डॉक्टरांनी कमतरता पाहून दिल्या, तरच घ्याव्यात.

मुलाला वारंवार गळवे, यकृतात पू किंवा बुरशीजन्य न्यूमोनिया होत असेल, तर डॉक्टरांना डीएचआर चाचणीविषयी (याच विकराचे काम तपासणाऱ्या रक्तचाचणीविषयी) विचारा. कुटुंबात हा आजार आधी आढळला असल्यास नवजात बाळाला बीसीजी देण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांना तसे सांगा, कारण त्या लसीतील जंतू जिवंत असतात.